तुलनेच्या नळीतले तांबे

प्रति,
मा. प्राचार्य,
बसवकिरण विज्ञान महाविद्यालय, लातूर.

विषय : प्रयोगशाळा परिचर श्री. मडिवाळप्पा यांना कामावर परत घेणेबाबत व अर्जदाराचा प्रयोग रद्द करणेबाबत.
संदर्भ : श्री. मडिवाळप्पा यांना कमी केल्याचा दि. २० एप्रिलचा आदेश.

महोदय,

अर्जदार रसायनशास्त्र विभागात संशोधन करते. मेंदूत संदेश नेणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे तांबे धरून ठेवतात आणि त्याच तांब्यामुळे त्यांचे ऑक्सिडीकरण होऊन ते मोडतात, हा तिचा विषय. तुलनेसाठी एका नळीत तांबे मुळीच घालत नाहीत. तिथला तुकडा शाबूत राहायला हवा. तोही मोडला. परिचरांनी नळ्या आम्लाने नीट धुतल्या नाहीत म्हणून आधीचे तांबे काचेला राहिले, असा निष्कर्ष निघाला.

२. वस्तुस्थिती निराळी आहे. दुष्काळामुळे ऊर्ध्वपातनाचे यंत्र बंद आहे. जिल्हा नवा, त्यामुळे शुद्ध पाण्यासाठी अजून नांदेडच गाठावे लागते. अर्जदाराने एस.टी.ने कॅन आणला, त्याला लोह्याजवळ चीर गेली. घरी येताच अर्जदार शेजारी बाटल्या मागायला गेली, तेवढ्यात आई चांगुणाबाईंनी तांब्याची कळशी चिंचेने लख्ख घासून पाणी तीत ओतले. एवढ्या लांबून आणलेले पाणी साध्या भांड्यात कसे ठेवायचे, हा आईचा विचार. अर्जदाराने ते पाहिले. तीन वर्षे तांब्यावर घालवलेल्या बाईला याचा अर्थ कळला नाही, असे नाही. पण अहवालाला चार दिवस उरले होते आणि दुसरे पाणी नव्हते. एवढ्याने काय होते, असे तिने मनाला समजावले व तेच पाणी वापरले.

३. आदेश वाचून दाखवला तेव्हा अर्जदार तिथेच उभी होती आणि गप्प राहिली. चोर सोडून संन्याशाला फाशी, तेही तिच्या डोळ्यांदेखत. जाताना श्री. मडिवाळप्पा तिलाच म्हणाले, "माझ्याच हातून राहिलं असंल, ताई. तुमचं लई नुकसान झालं." अकरा वर्षे त्यांनी नळ्या धुतल्या, यंदा तर वाटीभर पाण्यात तीन-तीनदा खंगाळल्या. अर्जदाराला स्वतःची लाज वाटते.

४. उरलेले पाणी सोबत जोडले आहे, ते तपासावे. संशोधनाची नोंदणी रद्द झाली तरी अर्जदाराची तक्रार नाही. चौकशीत आईला मात्र बोलावू नये. तिने पाणी जपलेच आहे.

५. नव्या आदेशात नुसते 'परत घेण्यात येत आहे' असे न लिहिता 'काचभांडी स्वच्छ होती' हे शब्द घालावेत, आणि तो त्यांना सर्वांसमक्ष वाचून दाखवावा. दर सोमवारी ते फाटकाशी येतात आणि नेमकी कुठली नळी राहिली होती, असे अर्जदाराला विचारतात. तिने अजून उत्तर दिलेले नाही.

आपली अपराधी विद्यार्थिनी,
पंचशीला सोनकांबळे
लातूर, दि. ११ मे १९८७

सोबत : १) पाण्याची बाटली, बूच लावून.
२) नोंदवहीचे पान, ज्यावर 'पाणी शुद्ध' असे अर्जदाराच्या हातचे आहे.