पायरीपायरीला हळद-कुंकू

म्हैसूर, आषाढातला शुक्रवार

ड्रिलमास्तरांचं बोलणं अजून टोचतंय. "तुमची नात धावण्यात नेहमी शेवटची. साकु," कानडीत म्हणाले, "पुरे करा आता." तेव्हापासून सुधानं खेळाचं नावच टाकलंय.

पण आज? सूनबाईला ताप, म्हणून चामुंडीच्या डोंगराचा तिचा नवस सुधानं फेडला. पायरीपायरीला वाकून हळद-कुंकू लावत निघाली. अर्ध्यावर माझ्या छातीचा लोहाराचा भाता झाला.

"अज्जा, तुम्ही बसा. येताना नेते."

वर जाऊन आली, तरी दम लागलेला नाही! हिला पळवायचंच कशाला? चालण्याचीही शर्यत असतेच की. उद्या मास्तरांना गाठणार, नाही म्हणाले तरी हटणार नाही.

सुधाला सांगितलं. आपली पिवळी बोटं बघत म्हणाली, "तिथं वाकायचं नसतं ना? मग येते."