बांबूवरचा ठेका

अकोला,
१२ जुलै २०२५

ती. सौ. सीमाताईस,
गोपालचा सा. न. वि. वि.

माधवी आपल्या कावड मंडळाच्या खोलीत चपला काढून शिरली आणि कावडीचा बांबू जरा माझ्या खांद्यावर द्या म्हणाली, त्या क्षणी माझं सगळं बदललं. हसू नकोस.

ती तुमच्या अमरावतीच्या विद्यापीठात लोकप्रशासन शिकते आणि श्रावणी सोमवारही धरते. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी आपण गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर राजेश्वराला आणतो, तेव्हा वाटेवरच्या बाळंतिणींच्या दवाखान्यापुढे ढोल बंद ठेवावा, एवढंच तिचं मागणं. एका मंडळानं करून दाखवलं तर ती महापालिकेपुढे सगळ्यांसाठी तसा नियम मांडणार आहे. मंडळाचे प्रमुख पंजाबकाकांनी विचारलं, देवाच्या कामात कागद काहून आणता? ती म्हणाली, दुखणाईताच्या उशाशी हळू चालणं हेही देवाचंच काम. मी पडलो मुख्य ढोलवाला. उठलो आणि शब्द देऊन टाकला. काका माझ्याकडे असे पाहून राहिले होते, जसा मी गोठ्यातला बैल परक्याच्या हाती दिला.

दाजींना नमस्कार. वेड्या भावावर माया आहे तशी राहू दे.

तुझा
गोपाल


अमरावती,
१९ जुलै

चि. गोपालास,
सीमाचे अनेक आशीर्वाद.

तू पत्रच लिहीत जा. फोन मध्येच आपटतोस, कागद आपटला तरी आवाज होत नाही. इथल्या कॉलेजात हजेरीवरून सर बोलले म्हणून त्यांच्या खोलीचं दार तू असं आदळलंस की काच फुटली आणि दुसऱ्याच वर्षी कॉलेज सुटलं. तुझे दाजी परवा तिकडे गेले होते. त्या दाराला अजून पुठ्ठाच लावलेला आहे.

माधवीचं वाचून बरं वाटलं. पण एक सांग. तूच मला सांगायचास ना, खांदेकरी ढोलाच्या ठेक्यावर पाऊल टाकतात, ठेका थांबला की पावलं चुकतात आणि घागरी हिंदकळतात? हे तिला बोललास का? की तिच्याकडे पाहता पाहता राहून गेलं? पाणी सांडलं तर तुला कोणी काही म्हणणार नाही. शिकलेल्या पोरीनं देवाचं पाणी सांडवलं, असंच गावभर होईल, आणि तिचा नियम तिथंच संपेल.

आईच्या कुरडया पोचल्या. वेळेवर जेव. रागावले म्हणून परकी समजू नकोस.

तुझी
सीमाताई


अकोला,
५ ऑगस्ट

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी तुझाच राग आला. मग ढोलाशिवाय तालीम घेतली. चौकही आला नव्हता, तर नत्थुजींची पाठ ओलीचिंब. मागच्या खांद्याला असतात ते म्हातारे. म्हणाले, मले अभिषेक काहून करता बा, मी का महादेवाची पिंड आहो? सगळे हसले, काका सोडून. त्यांनी बजावलं की पुढच्या तालमीत असंच झालं तर ढोल वाजेल, मग तुझ्या शब्दाचं तू पाहा.

मग माधवीला फोन करून सांगितलं. ती भांडली असती तर सोपं होतं. तिनं एवढंच विचारलं की हे मला पहिल्या दिवशीच माहीत होतं का. मी हो म्हटलं. तिनं फोन ठेवला. मला वाटलं, संपलं. तर सकाळच्या गाडीनं दारात हजर, आणि तालमीला कावडीबरोबर चालायला तयार.

घागरी हिंदकळायला लागल्या तसा मी वैतागून पुढच्या टोकाला बांबूवरच बोटांच्या पेरांनी ठेका मारू लागलो. मागून नत्थुजी म्हणाले, थांबू नको पोरा, खांद्याले समजून राहिलं. खरंच सांगतो ताई, कानाला काही येत नाही, पण ठेका बांबूतून हाडात उतरतो. माधवीनं बांबूला कान लावला आणि हसली. माझी झोप तेव्हापासून उडालेली आहे.

आशीर्वाद जरा जास्तीचा पाठव.

गोपाल


अकोला,
१९ ऑगस्ट

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

काल कावड निघाली. दवाखान्याचं फाटक आलं तसा ढोल पाठीवर टाकला आणि पुढच्या चौकापर्यंत बांबूवर ठेका देत चाललो. वरच्या खिडकीत एक बाई बाळ घेऊन उभी होती. तिनं एका हातानंच नमस्कार केला. बाळ जागं झालं नाही. घागरी भरलेल्या पोचल्या.

पण मागच्या मंडळानं मुकी कावड म्हणून डिवचलं, ते काकांच्या जिव्हारी लागलं. आज बैठक झाली. पुढच्या साली आपला ढोल कुठंच थांबणार नाही आणि तो माझ्या गळ्यातही राहणार नाही.

माधवीला कळवलं. ती म्हणाली, एकदा झालं ते झालंच, ते कोणाला पुसता येत नाही. महापालिकेपुढे बांबूचं मी स्वतः सांगावं, त्याआधी अमरावतीला यावं, मिळून लिहू. बस. दुसरा गोड शब्द नाही. तरी मी उद्याच निघून राहिलो. सरांच्या दाराला आधी काच बसवून देईन, मग मला कॉलेजात परत घेता का म्हणून विचारीन. घेतील असं नाही.

तुझ्याकडे उतरेन. माझ्या वाटणीची भाकर आणि माया, दोन्ही ठेव.

तुझा
गोपाल

ता. क. बैठकीत काका बोलत होते तेव्हा माझे कान तापले होते. ढोल त्यांच्यापुढे ठेवला, उठलो, दाराला हात घातला. आदळणारच होतो. दाराशी भिंतीला टेकून नत्थुजी झोपले होते, तळपायांना हळद, खांद्यावर बांबूचा वळ. मी बाहेर आलो आणि दार हळूच ओढून घेतलं.