बरोबर उत्तर देणाऱ्याचा हात

सर, त्या दिवशी मी हात उचललाच नसता तर तुम्ही काय केलं असतं? तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, पण याचं उत्तर मला येत नाही. मला मारलं असतंत एवढं नक्की. त्यापुढचं दिसत नाही.

तुमच्या वर्गाचा नियम साधा होता. ज्याला उत्तर आलं, त्यानं न आलेल्यांच्या कानफटात द्यायची. मला उत्तरं यायची. सातवीत मी रोज रांगेनं जायची. डाव्या हातानं समोरच्याचं नाक धरायचं, उजव्या हातानं मारायचं. मुलं नंतर शिव्या घालायची, पण गाल पुढे करायची. मला ते आवडायचं, सर. त्या दिवशी अपूर्णांक होते आणि न आलेल्यांत माझी मैत्रीण उभी होती. मी तिला हळूच मारलं. वर्ग हसला. तुम्ही खुर्चीवरून उठलात. "पापी घेतेस काय तिची?" म्हणालात आणि मला अशी ठेवून दिलीत, की मी बाकाच्या कोपऱ्यावर आपटले, ओठ फुटला. "कळलं कशी मारायची? मार आता." तोंडात रक्ताची चव, आणि मी मारते आहे. एकदा नाही, तुम्ही थांब म्हणेपर्यंत. तिच्या कानातून बारीक लाल रेघ मानेवर उतरते आहे. ती रडत नाही, माझ्याकडे बघते आहे. ती पुन्हा शाळेत आली नाही. त्या कानानं तिला आजही ऐकू येत नाही, असं आई सांगते. त्याच संध्याकाळी तुम्ही घरी येऊन मला तुमचा इंग्रजी शब्दकोश दिलात. बाबांना म्हणालात, हिला शिकवा, हिच्यात दम आहे. आमच्या घरातली पहिली पदवी त्या वाक्यावर उभी राहते आहे.

आता मी जर्मनीत हायडेलबर्गला बॅचलरच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे. अमेरिकेचं राजकारण आणि सार्वजनिक धोरण शिकते. पदवीच्या मुलांना संशोधनासाठी एक छोटं अनुदान असतं. ते मिळालं तरच मला अमेरिकेला जाता येईल. तिथल्या काही राज्यांत शिक्षकानं मुलांना लाकडी फळीनं मारणं अजून कायदेशीर आहे. ते थांबवणारी विधेयकं का पडतात, हे मला शोधायचंय. असं काम कुणीतरी नीट केलं तर एखादी फळी खाली ठेवली जाईल, असं मला खरंच वाटतं.

अर्जात एक पान होतं, 'हा विषय तुम्हीच का घेताय?' मी लिहिलं, शिक्षकांनी मला मारलं, माझा ओठ फुटला. त्यात खोटं काही नव्हतं. माझ्या प्राध्यापकबाईंनी मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, कॉफी घेता घेता ते वाचलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. "गेनाऊ," त्या म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर. "समितीला हेच हवं असतं. आता एक शब्दही बदलू नकोस."

त्यानंतर दोन दिवस मी तिकडच्या सभागृहांतल्या चर्चा वाचत बसले. फळीच्या बाजूचे सांगतात, आम्हीही मार खाल्ला. विरोधातलेही तेच सांगतात. आम्ही मारलं, असं त्यांत कुणीच म्हणत नाही.

मी ते पान खोडलं. नव्या पानाचं पहिलं वाक्य असं आहे: बाराव्या वर्षी मी माझ्या मैत्रिणीचा कान फोडला. लिहिताना अनुदान जाईल याची भीती वाटली नाही, तुमची वाटली. तिला फोन करायचं धाडस अजून झालेलं नाही. अर्ज मात्र बाईंना न दाखवता आज दुपारी पाठवून दिला.