नाड्याला लागलेला खेकडा

रविवार, वैशाख वद्य नवमी

मालवणची सून, मेघा, लग्न होऊन दोन महिने झाले तरी पोटभर जेवली नाही. काल म्हणाली, "आई, आमच्याकडे निळे खेकडे काठावरूनच धरतात." मी बोलून गेले, "आमच्या नाथसागरात काय कमी हायत का?" मी माळकरी, उभ्या जन्मात खेकडा धरलेला नाही!

आज दुपारी आम्ही दोघी एसटीनं पैठणला, धरणावर गेलो. दोरी विकत कशाला घ्यायची, म्हणून माझ्या जुन्या परकराचा नाडा नेला. त्याला सुका बोंबील तिनंच बांधला. गळ्यात माळ, म्हणून मी नुसता नाडा धरला. तरी पाप लागलं असेल का?

काठच्या दगडांच्या फटीत नाडा सोडला. "झटका देऊ नका, सावकाश ओढा," मेघा कुजबुजली. नाडा ताणला! मी हळूहळू वर घेतला, तिनं खालून टोपली लावली.

मादी होती. पोटाखाली इवली इवली पिल्लं. मेघाच म्हणाली, "सोडूया, आई. माहेरी आलेली दिसते." आणि काय हसली पोरगी!

घरी येऊन पिठलं केलं. दोन भाकरी खाल्ल्या तिनं. पांडुरंगा, एवढंच मागत होते.

नाडा दोनदा धुतला. बोंबलाचा वास जात नाही. असू दे.