घड्याळातला नऊ

प्रिय अहिल्या,

सगळ्यात आधी टपकले ते भाऊसाहेब. तू ज्याला पाच वाजता पाठवणार होतीस त्याचा अजून पत्ता नाही आणि हे शेजारचे साडेचारलाच हजर, हातात भिंग! पाटवड्यांचा वास जिन्यात गेला असणार, दुसरं काय. आजोबांचं घड्याळ बघायला कुणीतरी येणार हे त्यांना कुणी सांगितलं म्हणशील, तर मीच, सकाळी दूध घेताना. माझ्या पोटात काही राहत नाही, ठाऊकच आहे तुला.

त्यांनी घड्याळ कानाला लावलं, भिंगातून पाहिलं आणि निकाल दिला. वहिनी, बिल्कुल ओरिजिनल, कारखान्यातून आलं तस्सं, पन्नास हजारांच्या खाली देऊ नका. मी म्हटलं, बरं. आणखी दोन वड्या वाढल्या.

मग आला तुझा मित्र जयंत, मुनिरक्याहून दोन बस बदलून. तू फोनवर म्हणालीस, आजी, त्याला जुन्या घड्याळांचं वेड आहे, खरं-खोटं ओळखतो, भाव सांगेल. ठीक. पण घड्याळ बघायला कुणी आईला घेऊन येतं का गं? तीही चांगली इरकली नेसून, हातात सोहन हलव्याचा डबा? मी दुसरी शिकलेली, पण एवढं कळतं मला. मनात म्हटलं, चलो, तो घड्याळ पारखू दे, मी त्याला पारखते.

आधी हात धुऊन आला, ते मला आवडलं. रुमाल पसरला, मागचं झाकण अलगद उघडलं आणि आत बघून एकटाच हसला, लहान मूल बघून हसावं तसा. मशीन अस्सल आहे म्हणाला, झाकण अस्सल, चाबी नंतर बदललीय. किल्लीला चाबी म्हणतो, दिल्लीत वाढलेली पोरं. मग घड्याळ सुलटं केलं आणि आकड्यांवर डोळे बारीक केले. त्याची आई, सुमित्राबाई, घाईघाईने म्हणाल्या, किती छान जपलंय नाही? तर हा म्हणतो, आजी, रागावू नका, पण ही डायल कारखान्यातली नाही. कुणीतरी हाताने पुन्हा रंगवलीय.

टीपॉयखालून आईने त्याला लाथ मारली. पाण्याचे पेले वाजले ना! भाऊसाहेब तर उसळलेच. कालची पोरं तुम्ही, दिनकररावांचं घड्याळ खोटं ठरवता? पोरगा कानापर्यंत लाल झाला, पण हटला नाही. काका, हा नऊ बघा, म्हणाला. कारखान्याच्या घड्याळावर हिंदीतला नऊ असतो, त्याचं वळण वेगळं. ये तो अपना वाला नौ है. पहाडगंजच्या मराठी शाळेत बाईंनी माझ्याकडून गिरवून घेतला होता, तसाच. डायल मूळची असती तर चार हजार आले असते, आता दीड. ज्यादा सांगेल तो फसवतोय, नाहीतर त्याला कळत नाही. भाऊसाहेबांनी भिंग खिशात घातलं आणि शेवटची पाटवडी उचलली.

मी चहा आणते म्हणून आत गेले आणि हसू दाबायला तोंडात पदराचा बोळा कोंबला. बाहेर सगळ्यांना वाटलं, म्हातारी रडतेय. सुमित्राबाई मागोमाग आल्या, डोळ्यांत पाणी. माफ करा, याला वेळप्रसंग कळत नाही, आता काय जुळायचं ते जुळलं, म्हणाल्या. मी त्यांच्या हातात वेलदोडे दिले, म्हटलं, हे कुटा आधी.

आता कुणालाच न सांगितलेलं तुला सांगते. अठ्ठ्याहत्तर साली यमुनेला पूर आला, तेव्हा आजोबा छातीभर पाण्यातून मित्राची म्हातारी आई खांद्यावर घेऊन आले. घड्याळात पाणी गेलं, आकडे पुसले. तो मित्र, बळवंत मास्तर, चित्रकला शिकवायचा. त्याने दोन रविवार बसून बारीक ब्रशने सगळे आकडे पुन्हा काढून दिले आणि सवयीने नऊ आपला काढला. आजोबा म्हणायचे, नऊ वाजले की माझं घड्याळ मराठी बोलतं. मी घड्याळ वाचायला त्या नवावरूनच शिकले. काटा तिथे आला की त्यांच्या हातात डबा द्यायचा. इतक्या वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नाही, तुझ्या बाबाच्यासुद्धा. आणि मुलीच्या आजीला खूश करायला आलेला हा मुलगा तिच्या तोंडावर खरं बोलला! तुझ्या बाबाला रात्रीच सांगून टाकलं, माझ्याकडून पसंत आहे. घड्याळ विकायचं नाही, त्याच्या मनगटावर जायचंय. सध्या साफ करायला म्हणून दिलंय, मशीनला तेल घाल पण नवाला हात लावू नकोस असं बजावून. मला डायलचं ठाऊक होतं हे त्याला सांगू नकोस, राहू दे थोडे दिवस घाबरलेला. तू मात्र नागपूरहून लगेच तिकीट काढ. दसऱ्याच्या आदल्या रविवारी घड्याळ घेऊन दोघं परत येतो म्हणालेत. किती वाजता विचारलं, तर मी म्हटलं, नऊला.

तुझीच, पोटात एक तरी गोष्ट राहिलेली,
आजी