समुद्रातलं वादळ आणि आमचं भरीत

फैजपूर, नाताळची सुट्टी, १९८७

आदरणीय मोतीलालभाऊंना धाकट्या मेहुण्याचा, रुपचंदचा, वाकून नमस्कार.

आम्ही खुशाल आहोत. वहिनींची कंबर आणि तुमचा रेडिओ कसा आहे ते कळवावं. सासरेबुवा नाना रुसून पहूरला अक्कांकडे गेल्याचं तुमच्या पत्रातून समजलं. रुसतील नाही तर काय? समुद्रात वादळ उठलंय, ते गुजरातच्या किनाऱ्याला लागेल किंवा लागणार नाही, खानदेशात गारा पडतील किंवा पडणार नाहीत, एवढ्याशा बातमीवर तुम्ही शेतातलं भरीत रद्द करायला सांगितलंत. वर नानांच्या छातीला थंडी बाधेल म्हणून त्यांनाही अडवलंत. म्हातारा माणूस वर्षभर या एका जेवणाची वाट बघतो, भाऊ. मला ते मुळीच आवडलं नाही.

तेव्हा मी ठरवलं, भरीत होणार आणि शेतातच होणार. आमच्या शेतावरच्या लोटनने कपाशीच्या काड्या पेटवल्या (त्या आधीच दमट का होत्या, हा प्रश्न गौण आहे), वांगी भाजली, तुमच्या बहिणीने मिरच्या-लसूण ठेचला. आभाळ स्वच्छ होतं. म्हणजे सातपुड्याच्या बाजूला तरी होतं. पंगत बसली आणि वरून थोडं पांढरं पडलं. त्याला गारा म्हणणारे म्हणोत, मी म्हणत नाही. मंडळी गोठ्यात पळाली आणि म्हशीशेजारी उभ्याने जेवली, पण ती हौसेने. एक वयस्कर पाहुणे मात्र पाटावरून हलेनात. मी पातेल्याचं झाकण त्यांच्या डोक्यावर धरून उभा, आणि ते पुरीवर भरीत घेत म्हणतात, "पडू द्या गारा. मी आठेच बठसू." माझ्या डोक्यावर झाकण नव्हतं, तिथे आता टेंगूळ आहे. तरी रुपचंद हरला नाही, एवढं तुमच्या रेडिओला सांगा.

आपला,
रुपचंद

ता. क. नानांची माकडटोपी आणि लोकरी बंडी एस.टी.च्या कंडक्टरबरोबर पाठवा. जळगावच्या स्टँडवर पहूरची गाडी समोर उभी असताना ते फैजपूरच्या गाडीत बसले. मी बोलावलं नव्हतं. परत पाठवलंही नाही.

आणखी ता. क. कालपासून ते खोकताहेत. तुमचं खरं होतं असं मी लिहिणार नाही. पण डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, मोतीलाल आला तर जाईन. तुमच्या वाटणीची वांगी त्यांनी उशाशी ठेवली आहेत, कुणाला हात लावू देत नाहीत. मला भीती वाटते, भाऊ. टोपी पाठवू नका, घेऊन या.