कापा, बरका आणि ड्युरियन

सरे (कॅनडा), १६ जून २०२४

ती. देवयानीताईंस,
सुरेखाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं कानाचं यंत्र पुन्हा ड्रॉवरमध्ये गेल्याचं तुमच्या नातवाकडून, श्रेयसकडून कळलं, म्हणून फोनच्या नादी न लागता लिहायलाच बसले. बहिणीला कान नाहीत आणि भावाला नाक नाही. तुमच्या घराण्यात मी एकटीच सगळं शाबूत ठेवून बसले आहे!

ह्यांची वासाची जाणीव काही परत आलेली नाही. कोविड होऊन दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात, वाट पाहा. ताई, मी पुरणपोळी वाढली काय आणि पुठ्ठा वाढला काय, हे निमूटपणे जेवून उठतात. अमुक कर असं एकदाही म्हणाले नाहीत. वजनही उतरलंय. आता कोणासाठी रांधायचं, असं वाटून गॅसपाशी उभ्या उभ्या रडू येतं. हे तुम्हालाच सांगते, ह्यांना बोलू नका.

काल मात्र गंमत झाली. शेजारच्या मिसेस टॅन ड्युरियन घेऊन आल्या. त्या मूळच्या मलेशियातल्या पेनांगच्या, आमच्यासारख्याच रिटायर्ड. फळ फणसाच्या भावकीतलं वाटावं असं, पण काटे खरोखरचे. आणि वास! सडका कांदा, गॅसची गळती आणि वरून साखर. मी सगळ्या खिडक्या उघडून पॅटिओवर पळाले. हे मात्र शांतपणे बसून गरे खात होते. म्हणाले, हा घट्ट कापा नव्हे, मऊ बरका आहे, आणि गोड लागून मागून कडू होतो. मग त्यांनी मिसेस टॅनना चक्क आणखी आहे का म्हणून विचारलं. आणखी, ताई! मी दारातच थबकले.

गुडघ्याला जपा. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
सुरेखा


व्हिटबी, ३० जून २०२४

चि. सौ. सुरेखास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रडत बसू नकोस. चारू लहानपणी बंद खोलीतला फणस पिकल्याचं अंगणातून सांगायचा. त्याचं नाक असं कायमचं जाणार नाही. मी काही डॉक्टर नाही, बहीण म्हणून सांगते.

तुझं पत्र वाचून मला राहवेना. श्रेयसला गाडी काढायला लावली आणि ग्रोसरीतून एक ड्युरियन आणला. नॉट इन माय कार म्हणून तो अडून बसला होता, शेवटी तीन पिशव्यांत बांधून गाडीच्या ट्रंकमध्ये टाकला. घरी आल्यावर मी आपली सवयीने हाताला आणि सुरीला खोबरेल चोपडून बसले. ह्या फळाला चीक नसतो हे मला कुणी सांगायचं? तेलकट हातातून तो निसटला आणि काट्यांनिशी श्रेयसच्या पायावर पडला. त्याने अजून बूट काढले नव्हते, म्हणून निभावलं.

पण सुरेखा, माझा ड्युरियन कडू मुळीच नव्हता. घट्ट, जरासा धागेदार आणि गोड. चारूला कडू कसा लागला? नाकापाठोपाठ जीभही गेली की काय, ह्या काळजीने मला झोप लागत नाही. त्याला दोन ओळी लिहायला सांग. आळशी आहे मेला.

दोघं खुशाल असा आणि ह्या म्हातारीची आठवण ठेवा.

तुझी,
देवयानी


सरे, १४ जुलै २०२४

ती. ताईस,
चारूचा सा. न. वि. वि.

माझी जीभ ठणठणीत आहे. तू खाल्लास तो मोनथाँग नावाच्या थाई जातीचा. जाड, फिका, दाताला लागणारा गरा आणि स्वभावाने सोज्वळ, म्हणजे आपला कापा. थायलंडात फळ झाडावरून उतरवून पिकवतात. मलेशियात ते आपणहून पडेपर्यंत थांबतात, म्हणून तिकडचे सगळे बरके. मुसांग किंग हळदीसारखा पिवळा असतो आणि लोण्यासारखा टाळूला चिकटतो. आधी गोड लागतो, मग कडू. डी-२४ त्याहून फिका, पण त्याचा कडूपणा पाणी प्यायलं तरी हटत नाही. पेनांगच्या एका जातीचं नाव रेड प्रॉन, म्हणजे लाल कोळंबी. घाबरू नकोस, मी बाटलेलो नाही, फळच आहे ते. केशरी, चिकट आणि नुसतं गोड. आपल्याला इथे बहुतेक फ्रोझनच मिळतात. नीट वितळू दिले नाहीत तर सगळेच आइस्क्रीम होतात.

आता हे सुरेखाला कळवू नकोस. तिची आमटी मला फक्त गरम आणि खारट लागते. तिच्या हातची चव मला आठवते, पण सापडत नाही. तिला सांगून काय करू? म्हणून गप्प जेवतो. ड्युरियनची चव मी आधी कधी घेतलीच नव्हती, त्यामुळे त्यात काही हरवल्यासारखं वाटत नाही. कडू, गोड, मऊ, घट्ट एवढं जीभ एकटीच सांगते. जेवताना मजा येते हे मी विसरलो होतो, ताई.

रागे भरायचा तुझा हक्क आहे, तो सोडू नकोस.

तुझा,
चारू


सरे, १५ सप्टेंबर २०२४

ती. देवयानीताईंस,
शि. सा. न. वि. वि.

बातमी चांगली आहे, आधीच सांगते.

मंगळवारी सकाळी हे गॅरेजमध्ये गेले आणि आत काहीतरी मेलंय म्हणून ओरडतच बाहेर आले. मी झाडू घेऊन मेलेला रकून शोधायला निघाले. आत कुणीही मेलेलं नव्हतं, वितळायला काढून ठेवलेला मुसांग किंग तेवढा होता. आणि हे नाकाला रुमाल लावून उभे! रुमाल कशाला, असं मी विचारलं, तेव्हा कुठे आम्हा दोघांच्याही डोक्यात प्रकाश पडला. मी तिथेच झाडू टाकून रडले. हे हसत होते, पण रुमाल काही सोडला नाही.

उन्हाळाभर मिसेस टॅनशी जातींवरून वाद घालणाऱ्या ह्या पंडितांनी उरलेले सगळे डबे त्यांना परत दिले. हे माणसांचं खाणं नव्हे म्हणाले! मला मात्र आता चटक लागली आहे. मी त्यांच्याकडे जाऊन खाते आणि चूळ भरल्याशिवाय हे मला घरात घेत नाहीत. नाक मुरडतात. मुरडोत बापडे, मुरडायला नाक तरी आलं.

बाकीचे वास अजून आलेले नाहीत. कॉफी नाही, हिंग नाही. पण काल संध्याकाळी मी कुकर लावत असताना हे आले आणि म्हणाले, वरणाला लसणीची फोडणी दे आणि देताना मला हाक मार. दोन वर्षांनी माझ्याकडे काहीतरी मागितलं, ताई. मी हाक मारली. हे डोळे मिटून कढईवर वाकले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. मग डोळे न उघडताच म्हणाले, अगं, लसूण करपतेय. खरंच काळीठिक्कर पडली होती. तेच वरण आम्ही भुरकून जेवलो आणि ह्यांनी दोनदा मागून घेतलं.

तुमचे आशीर्वाद असेच आमच्या वाट्याला येऊ द्या.

तुमची,
सुरेखा